तरंगणाऱ्या चुंबकाला जागेवर कोण धरतं?

नंदगड आणि आसपासच्या खेड्यांत गाय भरवायला येणाऱ्या माणसाच्या मोटारसायकलवर एक ॲल्युमिनियमचा कॅन असतो. पोट मोठं, तोंड अरुंद. गोठ्यापाशी तो बूच काढतो, पांढरी वाफ कडेनं खाली ओघळते, आणि चिमट्यानं तो रेतमात्रेची एक बारीक कांडी वर घेतो. त्या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन असतो. तापमान उणे १९६ अंश सेल्सियस, म्हणजे ७७ केल्विन. खानापूर तालुक्यातल्या गोठ्यांना हा द्रव नवा नाही. त्यातलाच कपभर द्रव घेऊन भौतिकशास्त्रातला एक फार देखणा प्रयोग करता येतो: काळ्या चकतीवर चुंबक हवेत तरंगत ठेवण्याचा. ती चकती अतिवाहकाची हवी, एवढंच.

हा प्रयोग बहुतेकांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. ‘अतिवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो, म्हणून चुंबक वर उचलला जातो’ हे त्याचं स्पष्टीकरणही पाठ असतं. पी.यू.सी. दुसऱ्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्रतिचुंबकत्वाच्या भागात तेवढंच येतं, आणि लगेच तरंगत्या आगगाड्यांचा उल्लेख होतो. माझ्या मते हे स्पष्टीकरण निम्मंच आहे, आणि उरलेलं निम्मं जास्त महत्त्वाचं आहे. वर ढकललेली वस्तू बाजूला घसरून पडायला हवी. हा चुंबक घसरत नाही. बोटानं हलवला तर परत जागेवर येतो. चकती उचलून उलटी धरली तरी चुंबक तिच्याखाली लटकून राहतो. नुसतं ढकलणारं बल असं कधी करील का? या प्रश्नाचं उत्तर मिळायला विज्ञानाला कित्येक दशकं लागली, आणि त्या उत्तराच्या पुढच्या टप्प्यावर मुंबईत कुलाब्याला आजही काम चालू आहे.

सुरुवात हॉलंडमधल्या लायडन शहरात झाली. हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हेलियम द्रवरूप केला आणि १९११ साली त्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध मोजला. ४.२ केल्विनच्या आसपास तो एकदम नाहीसा झाला. ओनेस यांना १९१३ चं नोबेल मिळालं. पुढची बावीस वर्षं सगळ्यांची समजूत अशी की, अतिवाहक म्हणजे रोध शून्य झालेली साधी तार, बाकी काही नाही.

तसं असतं तर काय झालं असतं, हे नीट पाहायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा एक धातू आहे, त्याचा रोध शून्य झाला आहे, पण त्याला दुसरा कुठलाही विशेष गुण नाही. त्याच्याजवळ चुंबक आणला की फॅरडेच्या नियमानुसार त्यात प्रवाह सुरू होतील, रोध नसल्यानं ते थांबणार नाहीत, आणि ते चुंबकाला विरोध करतील. इथवर ठीक. पण चुंबक आधीच जवळ ठेवला आणि मग धातू थंड केला तर? क्षेत्र आधीपासून आत आहे, त्यात बदल होत नाही, म्हणून प्रवाह सुरू व्हायचं कारण नाही. क्षेत्र आतच राहील. १९३३ साली बर्लिनमध्ये वाल्थर माइसनर आणि रोबर्ट ओक्सनफेल्ड यांनी हाच क्रम शिसं आणि कथील घेऊन करून पाहिला. क्षेत्रात ठेवूनच थंड केलं. धातू अतिवाहक होताक्षणी आतलं क्षेत्र बाहेर फेकलं गेलं. यालाच माइसनर परिणाम म्हणतात. अतिवाहकता ही पदार्थाची एक वेगळीच अवस्था आहे, हे त्या दिवशी कळलं. फ्रिट्झ आणि हाइन्झ लंडन या भावांनी १९३५ साली त्याचं गणित मांडलं. पृष्ठभागालगतच्या एका पातळ थरात प्रवाह वाहतात आणि आतलं क्षेत्र पुसून टाकतात. शिशात हा थर सुमारे ४० नॅनोमीटर जाडीचा असतो.

बाहेर फेकलेलं क्षेत्र दाब देतं. हा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दुप्पट जोराच्या चुंबकाला चौपट आधार मिळतो. पृष्ठभागाशी ०.१ टेस्ला क्षेत्र असेल आणि ते पूर्ण बाहेर ढकललं गेलं, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० ग्रॅम वजन पेललं जातं. ०.५ टेस्लाला हाच दाब जवळजवळ एका वातावरणाइतका होतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलोभर. बाजारात मिळणारा निओडायमियमचा छोटा चुंबक याच पल्ल्यात येतो. तेव्हा चुंबक उचलला जातो याचं नवल वाटायला नको. तो टिकतो याचं वाटायला हवं.

सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ साली दाखवून दिलं होतं की, कायम चुंबकांची मांडणी कशीही केली तरी केवळ त्यांच्या स्थिर बलांवर कुठलीही वस्तू स्थिर तरंगू शकत नाही. एका दिशेनं तोल सांभाळला तर दुसऱ्या दिशेनं तो जातो. प्रतिचुंबकीय पदार्थ या नियमाच्या बाहेर राहतात, कारण क्षेत्र बदललं की त्यांचा प्रतिसादही बदलतो. म्हणून १९९७ साली नेदरलँड्समध्ये नाइमेखन इथे सुमारे १६ टेस्लाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवता आला. बेडकातलं पाणी किंचित प्रतिचुंबकीय असतं. अतिवाहक त्याहून कित्येक पटींनी प्रबळ. पण माइसनर परिणामात वरचा आधार असतो, बाजूची धर जवळजवळ नसते. मॉस्कोच्या व्लादिमिर आर्काद्येव यांनी १९४०च्या दशकात चुंबक तरंगवून दाखवला तेव्हा त्यांनी शिशाची चकती मध्ये खोलगट घेतली होती. सपाट शिशावर चुंबक कडेकडे सरकत जाऊन पडला असता, म्हणून त्याला वाटीत ठेवावं लागलं. हा तपशील मला फार बोलका वाटतो. आज शाळेतल्या प्रयोगात चकती सपाट असते, वाटी नसते, तरी चुंबक पडत नाही. मधल्या काळात पदार्थच बदलला होता.

तो बदल समजायला तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमध्ये जावं लागतं. खारकीवमध्ये लेव शुब्निकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकात शिशाच्या मिश्रधातूंवर नेमके प्रयोग केले. क्षेत्र वाढवत नेलं की शुद्ध शिसं एकदम अतिवाहकता सोडून देतं. मिश्रधातू तसं करत नव्हते. एका मर्यादेनंतर क्षेत्र थोडं थोडं आत शिरत होतं आणि तरीही रोध शून्यच राहत होता. शुब्निकोव यांना १९३७ साली स्टालिनच्या दमनसत्रात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या निरीक्षणांचा अर्थ लागला १९५७ साली, अलेक्सेई अब्रिकोसोव यांच्या लेखात. हे अर्थ लावण्याचं काम ज्या समीकरणांवर उभं होतं ती गिन्झबुर्ग आणि लांदाऊ यांनी १९५० साली मांडली होती. अब्रिकोसोव आणि गिन्झबुर्ग यांना नोबेल मिळालं ते थेट २००३ साली.

अब्रिकोसोव यांचं म्हणणं असं. या मिश्रधातूंसारख्या, म्हणजे ‘दुसऱ्या प्रकारच्या’ अतिवाहकात क्षेत्र सरसकट शिरत नाही, बारीक नळ्यांच्या रूपात शिरतं. प्रत्येक नळीभोवती अतिवाहक प्रवाह गोल फिरत असतो, म्हणून तिला भोवरा म्हणतात. नळीच्या गाभ्यात अतिवाहकता मेलेली असते, बाहेर शाबूत. प्रत्येक भोवऱ्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह ठरलेला, निसर्गानं मोजून दिलेला: सुमारे २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर. यापेक्षा कमी नाही, जास्त नाही. ०.१ टेस्लाच्या क्षेत्रात चौरस सेंटिमीटरमध्ये असे जवळजवळ पाचशे कोटी भोवरे बसतात, दोन भोवऱ्यांमधलं अंतर सुमारे दीडशे नॅनोमीटर. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि शक्य असेल तिथे षट्कोनी जाळीत रचले जातात. १९६७ साली एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी जर्मनीत लोखंडाचे सूक्ष्म कण अतिवाहकावर बसवून ही जाळी प्रत्यक्ष दाखवली.

आता मुद्द्याची गोष्ट. पदार्थ निर्दोष असता तर हे भोवरे मोकळेपणानं इकडेतिकडे सरकले असते आणि चुंबकही त्यांच्यासोबत सरकला असता. प्रत्यक्ष पदार्थात कुठे ऑक्सिजनचा अणू गळलेला असतो, कुठे दुसऱ्या संयुगाचा कण अडकलेला असतो, कुठे स्फटिकाची वीण चुकलेली असते. अशा जागी अतिवाहकता आधीच अशक्त असते. भोवऱ्याच्या गाभ्याला अतिवाहकता मारावीच लागते, ती मेलेली जागा आयती मिळाली की ऊर्जा वाचते, आणि भोवरा तिथे खिळून बसतो. बोरीच्या काट्यात लुगडं शंभर ठिकाणी अडकलं की ते कुठल्याच दिशेला ओढता येत नाही, तसं चुंबकाचं क्षेत्र या अब्जावधी खिळ्यांत अडकतं. चुंबकाला बाजूला, वर किंवा खाली हलवायचं म्हणजे हे सगळे भोवरे उपटायचे. म्हणून तो ढकलला की परततो, आणि उलटा केला की लटकतो. हाच गुण वाढवण्यासाठी उद्योगात चकत्या बनवताना त्यात दुसऱ्या संयुगाचे बारीक कण मुद्दाम मिसळतात. चांगला तरंगणारा अतिवाहक हा मुद्दाम सदोष केलेला अतिवाहक असतो.

हे सगळं स्वस्तात पाहण्याची सोय झाली ती १९८७ मुळे. आदल्या वर्षी झ्युरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत योहानेस बेडनॉर्झ आणि आलेक्स म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिवाहकता सापडली होती. १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेत पॉल चू आणि मो-क्वेन वू यांच्या गटांनी इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड ९३ केल्विनला अतिवाहक होत असल्याचं जाहीर केलं. वायबीसीओ म्हणतात ते हेच. ९३ हा आकडा ७७ च्या वर आहे, यातच सगळं आलं. महागडा द्रवरूप हेलियम लागेनासा झाला. गायीच्या कांड्या ठेवायचा नायट्रोजन पुरू लागला.

प्रयोग करताना पाहायच्या गोष्टी बारीक आहेत. थर्माकोलच्या वाटीत काळी चकती ठेवायची, तिच्यावर पुठ्ठ्याचे तीन-चार तुकडे, त्यावर चुंबक. मग नायट्रोजन ओतायचा. आधी चकतीभोवती तो रागानं खळखळतो, कारण चकती अजून गरम आहे. ती ७७ केल्विनपर्यंत आली की खळखळ एकदम शांत होते. हीच खूण. आता प्लास्टिकच्या चिमट्यानं पुठ्ठे एकेक काढायचे. चुंबक किंचित खाली येतो आणि हवेतच थांबतो. गोल चुंबक असेल तर त्याला फिरवता येतं आणि तो बराच वेळ फिरत राहतो, कारण त्याचं क्षेत्र अक्षाभोवती सगळीकडे सारखं असतं आणि फिरताना भोवऱ्यांना हलावं लागत नाही. चौकोनी चुंबक आडवा ठेवला तर तो नुसता डोलतो. चकती आधी थंड करून मग चुंबक आणला तर वेगळंच घडतं. आधी जोरदार विरोध, मग बोटानं दाबलं की काही भोवरे आत शिरतात आणि चुंबक नव्या उंचीवर अडकतो. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी करून दाखवल्या, तर ढकलणं आणि धरणं यांतला फरक मुलांना कुठल्याही आकृतीपेक्षा लवकर कळेल.

महाराष्ट्रात या विषयाचं मोठं केंद्र म्हणजे कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे प्रताप रायचौधुरी यांच्या गटानं अतिशीत स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकानं भोवऱ्यांची जाळी प्रत्यक्ष टिपली आहे. मॉलिब्डेनम आणि जर्मेनियमच्या पातळ थरात ही जाळी घनावस्थेतून थेट द्रव होत नाही, मध्ये एक हेक्झॅटिक नावाची अवस्था लागते, असं त्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. भोवऱ्यांची जाळी वितळणं म्हणजे तरंगणाऱ्या चुंबकाची पकड सुटणं. म्हणून या कामाचं वर वर्णन केलेल्या प्रयोगाशी जवळचं नातं आहे. याच संस्थेत १९९४ साली आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला अतिवाहकता दाखवली. निकेलसारखा चुंबकीय धातू असूनही! त्यातून बोरोकार्बाइडांचं एक अख्खं कूळ जगभर अभ्यासलं गेलं.

२०१६ च्या अखेरीस तिथूनच आलेली बातमी मला सर्वांत विलक्षण वाटते. एस. रामकृष्णन यांच्या गटानं अतिशुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिवाहक होतो असं सिद्ध केलं. तो अतिवाहक आहे हे ओळखलं ते माइसनर परिणामावरूनच, क्षेत्र बाहेर फेकलं जातं का हे पाहून. आणि अडचण अशी की, ५ मायक्रोटेस्लाच्या जरा वरचं क्षेत्रही बिस्मथची अतिवाहकता मारतं. मुंबईत पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. पृथ्वीचं क्षेत्र झाकल्याखेरीज हा प्रयोग शक्यच नव्हता. या अतिवाहकावर चुंबक कधीच तरंगणार नाही, पण अतिवाहकतेच्या प्रचलित सिद्धान्तापुढे त्यानं मोठा प्रश्न उभा केला, कारण बिस्मथमध्ये वाहक इलेक्ट्रॉन लाख अणूंमागे जेमतेम एक.

आपल्या अगदी जवळ, निपाणीच्या पलीकडे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ताम्र-ऑक्साइड अतिवाहकांचे पातळ थर विद्युत-निक्षेपणानं बसवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. मुलामा देण्याच्या तंत्राची ही बहीण. महागड्या निर्वात यंत्रांऐवजी विद्युत-रासायनिक पात्र वापरून त्यांनी संशोधन उभं केलं, आणि त्यातून घडलेले काही विद्यार्थी पुढे परदेशी प्रयोगशाळांत पोचले. सीमाभागातल्या मुलांना या कामाची माहिती नसावी, ही मला खरोखर बोचणारी गोष्ट आहे.

आगगाड्यांबद्दल थोडक्यात, कारण इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. शांघायची विमानतळ गाडी २००४ पासून धावते, ती साध्या विद्युतचुंबकांच्या आकर्षणावर. तिच्यात अतिवाहक नाही, संगणक क्षणोक्षणी प्रवाह सांभाळतो. जपानच्या यामानाशी मार्गावर २१ एप्रिल २०१५ रोजी ताशी ६०३ किलोमीटर गाठणाऱ्या गाडीत अतिवाहक आहेत, पण ते नायोबियम-टायटेनियमचे शक्तिशाली चुंबक म्हणून. गाडी वेगानं जाताना भिंतीतल्या वेटोळ्यांत प्रवाह निर्माण होतात आणि ते तिला सुमारे दहा सेंटिमीटर उचलतात. वेग कमी असताना तिला चाकंच लागतात. माइसनर परिणाम यात कुठेही नाही. भोवऱ्यांच्या पकडीवर धावणारी गाडी चीनच्या चेंगडू शहरातल्या नैऋत्य जिआओतोंग विद्यापीठात विकसित होत आहे. तिचा पूर्णाकृती नमुना जानेवारी २०२१ मध्ये दाखवला गेला. ती उभी असतानाही तरंगते. पाठ्यपुस्तकानं तीन वेगळी तत्त्वं एका ओळीत कोंबू नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

‘तरंगतंय म्हणजे अतिवाहक’ ही समजूत किती महागात पडते, ते २०२३ च्या जुलैत दिसलं. सोलच्या एका गटानं एलके-९९ नावाचा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक असल्याचं जाहीर केलं आणि चित्रफीत दिली. त्यात तुकड्याची एक कड उचललेली, दुसरी चुंबकाला टेकलेली. महिन्याभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी तो करून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही अतिवाहकता आढळली नाही. रोधातली घट तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे होती आणि अर्धवट उचलणं साध्या चुंबकत्वामुळे. शुद्ध एलके-९९ तर विद्युतरोधकच निघालं. ग्रॅफाइटचा पातळ तुकडाही सामान्य तापमानाला चुंबकांवर तरंगतो आणि तो अतिवाहक नाही. बेंगळुरूहून २०१८ साली सोन्या-चांदीच्या नॅनोकणांबद्दल आलेला असाच दावा दोन आलेखांतल्या गोंगाटाच्या संशयास्पद साम्यामुळे वादात सापडला आणि स्वतंत्र दुजोऱ्यावाचून राहिला. रोध शून्य आहे, क्षेत्रात थंड केल्यावरही ते बाहेर जातं, आणि विशिष्ट उष्णतेत झेप दिसते, हे तिन्ही मोजून दाखवल्याशिवाय दावा मान्य करू नये. उघड्यावर सामान्य दाबात तरी सामान्य तापमानाच्या अतिवाहकतेपर्यंत अजून कोणीही पोचलेलं नाही. लँथनमच्या हायड्राइडमध्ये सुमारे २५० केल्विन गाठले गेले, पण वातावरणाच्या जवळजवळ सतरा लाख पट दाबाखाली.

वायबीसीओमध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोड्या ९३ केल्विनपर्यंत कशामुळे टिकतात, यावर अजून एकमत नाही. पारा आणि शिशासाठी १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिलेलं स्पष्टीकरण इथे पुरत नाही. म्हणजे पकड का बसते ते कळलं, पण मुळात अतिवाहकता इतक्या ‘उबेत’ का टिकते, हे अजून कळायचं आहे. शाळेतल्या वाटीतला प्रयोग थेट या न सुटलेल्या प्रश्नापर्यंत नेतो, म्हणून तो तालुक्याच्या प्रत्येक पी.यू. महाविद्यालयात व्हायला हवा असं मी आग्रहानं म्हणतो.

लागतं काय? एक चकती, एक निओडायमियम चुंबक, लिटरभर नायट्रोजन आणि सांभाळणारा शिक्षक. नायट्रोजन पशुवैद्यकीय पुरवठ्याच्या मार्गानं तालुक्यापर्यंत येतोच, तो रीतसर मागता येईल. खिडक्या उघड्या हव्यात, कारण वाफ होऊन तो बंद खोलीतला ऑक्सिजन हटवतो. भांड्याचं तोंड घट्ट बंद करायचं नाही. डोळ्यांना चष्मा, हातांना सैल जाड मोजे. प्रयोग संपल्यावर चकतीवर हिम साठतं. ते वितळलं की ती पुसून, गरम हवेनं पूर्ण सुकवून, सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवायची. ओलाव्यानं वायबीसीओ हळूहळू विघटित होतं, आणि खानापूर तालुक्यातला पावसाळा पाहता ही काळजी जूनच्या आधीच घेतलेली बरी.